कागद वाळेपर्यंत

लाल कड्याला कुणीतरी चिकटलंय हे रुद्रम्माला दिसलं, तेव्हा झऱ्याखाली तिची घागर अर्धीच भरली होती. पांढरा सदरा, खाकी विजार, पाठीवर कापडी पिशवी आणि पायात चक्क बूट! पुरुषभर उंची तो चढूनही गेला होता, आणि आता वरच्या खोबणीकडे हात लांबवत होता.

"इळी!" ती ओरडली. घाईत तिच्या तोंडून आधी कन्नड निघालं, मग मराठी. "अवो, उतरा! खाली उतरा! दगड वल्ला हाय!"

त्यानं मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावर घाम होता, पण हसू शाबूत होतं.

"वाळलाय की, अक्का," तो शहरी मराठीत म्हणाला. "मी हात लावून पाहिला. ऊनही चांगलं पडलंय."

"वरून वाळलाय. आतनं पानी प्यालाय त्यो."

"दगड कुठं पाणी पितो का?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या डाव्या बुटाखालचा लाल तुकडा भाकरीच्या कडेसारखा तुटला. तो घसरला, सरपटला आणि झऱ्याच्या चिखलात येऊन बसला.

"आगायायो! मेलो की वो!"

रुद्रम्मा घागर टाकून धावली होती, पण ते ऐकून ती मधेच थांबली. तोंडाला पदर लावला, तरी हसू काही आवरलं नाही.

"उदगीरकडचे दिसायलाव," ती म्हणाली.

"कशावरून?" त्यानं कोपर चोळत विचारलं.

"चढताना पुण्याची बोली... पडताना उदगीरची."

आता तोही हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर, चिखलाच्या शिंतोड्याखाली, खळी पडली. रुद्रम्मानं ती पाहिली आणि पटकन घागर उचलली.

त्याचं नाव सोमशेखर. उदगीरच्या लिंगायत घरातला. वडील लहानपणीच गेलेले, आई एकटी गावी. पोलीस अ‍ॅक्शनला पाच वर्षं होऊन गेली होती आणि हैदराबादच्या कचेरीत जुन्या लेखांचे ठसे घ्यायला नवी माणसं भरली जात होती, त्यांतला तो एक. बिदरजवळच्या कमठाण्यापासून कोसभरावरच्या या कड्यात, तीन पुरुष उंचीवर, एक कोनाडा होता. कोनाड्यात काळ्या दगडाची शिळा बसवलेली होती आणि शिळेवर हळेगन्नड, म्हणजे जुन्या कन्नडातली, अक्षरं होती. ती अक्षरं कागदावर उतरवून न्यायची, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी वर पोचायला हवं होतं, आणि भादव्याचा पाऊस चार दिवस कोसळून कालच थांबला होता.

"मग कधी वाळेल?" त्यानं विचारलं.

रुद्रम्मा कड्याच्या पायथ्याशी बसली आणि तिनं मातीत बोट खुपसलं. वरची माती भुरभुरीत होती, पण पेरभर खाली बोट काळं होऊन आलं. मग उभी राहून तिनं दगडाच्या एका कडेवर अंगठा दाबून फिरवला आणि अंगठा त्याच्यासमोर धरला. त्यावर लाल चिखल चिकटला होता.

"हे बगा. फुंका."

"काय?"

"फुंका म्हन्ते की."

तो वाकला आणि हळूच फुंकला. लाल काही हललं नाही.

"फुंकल्यावर उडालं की वाळला समजायचं," ती हात मागे घेत म्हणाली. "चिकटून ऱ्हायलं की वल्ला. वरचा माळ पानी धरून बसतोय, आन् ते चार-चार दिवस आतल्या आत खाली उतरत ऱ्हातंय. उन्हाला काय, त्याला वरचंच दिसतंय."

सोमशेखर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून वही काढली आणि हे सगळं लिहून घेतलं. रुद्रम्माचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

*

कड्याची ही विद्या तिच्या बापाची, कल्लप्पाची. कड्यावरची मोहळं काढण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हता. पण सहा वर्षांपूर्वी तोच पडला आणि कमरेत असा मोडला, की तेव्हापासून तो ओसरीवर बसून अंबाडीचे दोर वळत होता. बायको आधीच गेलेली. लेक एकुलती एक. मोहोळाला जाणारी माणसं आधी त्याला विचारायला येत; त्याला कड्यापर्यंत जाता येईना, म्हणून तो लेकीला पाठवी. असं करता करता लोक लेकीलाच विचारायला लागले. ती 'जावा' म्हणाली की जात, 'न्हाई' म्हणाली की परतत. स्वतःही ती चढे. त्यामुळे एकोणीस सरलं तरी लग्न जमलं नव्हतं. दोन स्थळं येऊन, 'पोरगी वानरावानी कड्याला लटकतीया' असं ऐकून, पाणीसुद्धा न पिता परत गेली होती.

सोमशेखर उतरला होता भगवानराव पाटलांकडे. रोज सकाळी तो कड्याशी यायचा. रुद्रम्माही यायची, पाण्याच्या निमित्तानं. आता घरात दोनच माणसं. तरी त्या आठवड्यात घागरी किती भरल्या याला गणती नव्हती.

मंगळवारी तिनं त्याला खडा मारून आवाज ऐकायला शिकवलं. वाळलेला दगड 'टण्' वाजतो, ओला 'थप्' करून गप्प बसतो.

"दार वाजवल्यावर घरात कुणी हाय का न्हाई, कळतंय नव्हं? तसंच," ती म्हणाली.

त्यानं एक खडा मारला. थप्.

"घरात कुणीतरी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण दार उघडत नाही."

"लगीच कामून उघडंल? वळख ना पाळख."

"मग ओळख वाढवायला काय करावं लागतं?"

रुद्रम्मानं घागर डोक्यावर घेतली. "उद्या यावं लागतंय..." असं म्हणून ती निघाली. अर्धी वाट गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज सबंध सकाळभरात तो एकदासुद्धा 'अक्का' म्हणाला नव्हता.

बुधवारी भगवानराव स्वतः आले. अंगापिंडानं भरदार, मिशा पिळलेल्या. सरकारी माणूस तीन दिवस आपल्या घरी जेवतो आणि एका पोरीच्या शब्दावर हातावर हात ठेवून बसतो, हे त्यांना पटत नव्हतं.

"काय वल्लं घेऊन बसलाव, सायब! ठणठणीत ऊन हाय. ह्या पोरीला काय, कुनी इचारलं की भाव वाढतोय."

"पाटील, त्या सांगतायत तर थांबू या," सोमशेखर म्हणाला.

"बगाच तुमी!" पाटलांनी धोतर खोचलं, वहाणा काढल्या, पहिल्या खोबणीत पाय रोवला आणि दोन्ही हातांनी वरची कड पकडून अंग उचललं. कड त्यांच्या वजनानं अलगद निघाली. पाटील, त्यांच्या छातीशी धरलेला तो लाल धोंडा आणि वरून पावशेर चिखल, असं सगळं एकदम खाली आलं.

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. पाटील उठले, धोंड्याकडे पाहिलं. तो मधोमध फुटला होता. वरून सुका खडखडीत आणि आत लाल, मऊ, गारेगार. त्यांनी तो बोटानं दाबला. बोट रुतलं.

"पोरी," ते खाकरून म्हणाले, "कल्लप्पाचं नाव राखलंस."

आणि वहाणा हातात घेऊन निघून गेले. ते वळणाआड होईतो दोघांनी कसाबसा श्वास धरला. मग सोमशेखर झऱ्याच्या कठड्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. हसणं ओसरल्यावर म्हणाला,

"मी हैदराबादेत मोठमोठी माणसं बघितली. पंडित बघितले. पण जे डोळ्याला दिसत नाही ते असं खात्रीनं सांगणारं... कुणी नाही पाहिलं."

रुद्रम्माला कुणी 'धीट' म्हणे, कुणी 'आगाऊ' म्हणे. अशा नजरेनं मात्र तिच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घागर भरायचीच राहिली.

*

गुरुवारी टपाल आलं. रविवारच्या गाडीनं निघून यावे. ठसा मिळाल्यास आणावा, न मिळाल्यास तसे लिहून द्यावे.

"ही माझी पहिलीच स्वतंत्र कामगिरी," तो म्हणाला. पत्राची घडी त्यानं चार वेळा घातली आणि मोडली. "रिकाम्या हातानं गेलो तर पुढच्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या मागं शाई घोटत बसायचं."

"उद्या वाळंल," रुद्रम्मा म्हणाली. "वारं सुटलंय. उद्या नक्की."

आणि खरंच, शुक्रवारी ती कड्याशी पोचली तेव्हा सरडे कपारीबाहेर येऊन ऊन खात होते. तिनं माती उकरली. हातभर खोल गेली तरी कोरडी. खडा मारला. टण्! सगळा कडा कसा खणखणीत वाजला. अंगठा दाबला, फुंकला. लाल धूळ भुर्रकन उडून गेली.

पाठीमागे पावलं वाजली. सोमशेखर पिशवी घेऊन आला होता. डोळ्यांत नुसती विचारणा.

आता 'वाळला' म्हणायचं. मग तो चढेल, दुपारपर्यंत काम उरकेल. मग तो मोकळाच. संध्याकाळी बिदर. आणि मग...

"न्हाई," रुद्रम्मा म्हणाली.

आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"नाही?"

"वरच्या अंगाला अजून... वल्ला हाय. उद्या बगू."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कड्याकडे बघितलं. पायानं मातीतला एक खडा उगाच लोटला, आणि म्हणाला, "बरं. उद्या."

एवढंच. ना कुरकुर, ना चौकशी. रुद्रम्माला वाटलं, त्यानं भांडायला हवं होतं.

दिवसभर तिचं मन कशातच लागेना. तिन्हीसांजेला ती भाकरी थापायला बसली, तर दोन भाकरी करपल्या. कल्लप्पा ओसरीवरून बघत होता.

"वाळला का गं?"

"न्हाई, अप्पा."

"हं." त्यानं दोराला पीळ दिला. "सकाळी आलीस तवा लुगडं झटकलंस. धूळ उडाली की गं. वल्ल्याची धूळ उडती व्हय?"

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. रुद्रम्मानं मान खाली घातली.

कल्लप्पा रागावला नाही. त्यानं दोर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी पडलो त्या दिशी दगड वल्ला हाय, हे मला ठावं होतं. तुला कदी बोललो न्हाई. अंगठ्याला चिकटलं होतं. पर मोहोळ मोठं होतं, आन् मला ते पायजे होतं. आपल्याला पायजे असलं की दगड आपल्या मनासारखं बोलायला लागतोय, पोरी. लोक तुझ्या शब्दावर जीव टाकत्यात. 'व्हय' खोटं असलं तर मानूस पडतंय. 'न्हाई' खोटं असलं तर... उद्या तुझ्या खऱ्या 'न्हाई'ला कोन मानंल?"

रुद्रम्माच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब पिठात पडला.

"चांगला हाय का त्यो?" बापानं हळूच विचारलं.

ती नुसतीच 'हं' म्हणाली. पश्चिमेला, माळाच्या काठावर, ढगांची काळी ओळ उभी राहिली होती.

*

शनिवारी उजाडता उजाडता ती निघाली. खांद्यावर बापानं वळलेला नवा दोर होता. पाटलांच्या दारात जाऊन सांगावं असं तिनं ठरवलं होतं, पण कड्याच्या वळणावर आली तर सोमशेखर आधीच येऊन बसला होता. शेजारी पिशवी, ब्रश, काजळीच्या शाईचा डबा, कागदाची भेंडोळी.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. एका दमात बोलली. दम घेतला असता तर बोलवलंच नसतं.

"दगड कालच वाळला होता. मी खोटं बोलले. तुमचा एक दिस वाया घालवला, आन् आता पाऊस यायलाय. मला काय बोलायचं ते बोला."

सोमशेखर उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खळी होती.

"ठावं होतं मला."

"काय?"

"काल तुमी गेल्यावर मी माती उकरली. खडा मारला. टण्! अंगठा फुंकला, धूळ उडाली. चार दिस तुमीच शिकवलं नव्हं?" शहरी मराठी कुठल्या कुठं पळाली होती.

"मग... मग चढला कामून न्हाई?"

"तुमी न्हाई म्हणलाव म्हून."

"पर ते खोटं हाय, हे कळलं होतं की!"

"कळलं होतं," तो म्हणाला. "म्हून तर दिवसभर एकटाच हसायलो होतो. पाटलीणबाईंना वाटलं, ऊन लागलं पोराला."

रुद्रम्माला कुठं बघावं कळेना. तिनं कड्याकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं, आणि मग ओचा घट्ट खोवला.

"बोलत बसायला येळ न्हाई. दुपारच्या आत पडंल. मी पुढं जाते. पाय ठिवते तितंच पाय ठिवायचा. आन् ते बूट काढा आधी!"

ती चढू लागली. सोमशेखरनं पोथ्या वाचल्या होत्या, देवळं पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. घाई नाही, झटापट नाही. बोटं आधी दगडाला विचारत, मग धरत. कुठं नुसता तळवा टेकला, कुठं टाच. पाहता पाहता ती कोनाड्याच्या वर गेली, तिथल्या पिंपरणीच्या बुंध्याला दोर बांधला, टोक खाली सोडलं आणि स्वतः कोनाड्यात उतरली. तो कमरेला दोर बांधून वर आला. मधे दोनदा थांबला, दोन्ही वेळा वरून आवाज आला, "डाव्या हाताला... हां. आता जावा." कोनाड्याच्या उंबऱ्यावर त्याला ओढून घेताना तिचा हात त्याच्या हातात आला, आणि दोर सोडवून झाला तरी दोघांना लगेच आठवण झाली नाही.

मग त्याचं काम सुरू झालं, आणि आता बघत राहायची पाळी तिची होती. त्यानं शिळा ब्रशानं अशी पुसली, जशी म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसावी. ओला कागद तिच्यावर अंथरला. मग ब्रशानं तो ठोकत गेला, हलक्या हातानं, न फाडता, प्रत्येक अक्षराच्या खोलात कागद बसेपर्यंत. एकही सुरकुती नाही. पांढऱ्या कागदाखाली अक्षरं हळूहळू अशी उमटली, जशी झोपेतून उठताहेत.

"आता?" तिनं विचारलं.

"आता वाळू द्यायचा. अर्धा वाळला की शाई. जास्त वल्ला असला तर पसरती, जास्त वाळला तर सुटतो."

"म्हंजी तुमचंबी आमच्यासारखंच."

"तेच तर."

कोनाड्याच्या उंबऱ्यावर दोघांपुरतीच जागा होती. पाय खाली सोडून ती बसली. मधे एक वीत अंतर ठेवून तो. समोर तुरीची हिरवी रानं पसरली होती, लांब कमठाण्याच्या तळ्याचं पाणी चमकत होतं. वाऱ्यानं तिच्या केसांची एक बट सुटली, सारखी डोळ्यांवर यायला लागली. दोन्ही हातांना लाल धूळ, म्हणून तिनं ती मनगटानं सारली. परत आली.

"शिळा एवढ्या वर कामून बसवली असंल?" तिनं विचारलं.

"लिहिलंय की. ह्या झऱ्याला पाट एका बाईनं काढून दिला. त्याचा लेख हाय. खाली बसवली असती तर लोकांनी धुणं धुतलं असतं तिच्यावर."

ती खळखळून हसली.

"उद्या गाडी हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"काल खोटं बोललाव, त्याचं कारण न्हाई सांगितलं."

"तुमाला कळलंय नव्हं?"

"कळलंय. पर ऐकायचं हाय."

रुद्रम्मानं समोरच्या रानाकडे बघत सांगितलं, अगदी हळू. "तुमी जाऊ नये... असं वाटलं." मग लगेच मान वळवून म्हणाली, "पर माझं ऐका. मला हितनं जाता येनार न्हाई. अप्पाला कोन बगंल? लोक कड्यावर जायच्या आधी कुनाला इचारतील? म्हून... जे काय वाटलं ते वाटलं. तुमी जावा."

तो काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. वारं एकाएकी पडलं होतं. सरडे दिसेनासे झाले होते.

"शाई लावा. लौकर."

त्यानं काजळीत बुडवलेली कापडाची पुरचुंडी घेतली आणि कागदावर टिपू लागला. टप्, टप्, टप्. काळ्यातून पांढरी अक्षरं निघत गेली. एक ओळ, चार ओळी, नऊ ओळी. दहावी चालू असताना तिच्या मनगटावर थेंब पडला. टपोरा.

"चला," ती म्हणाली.

खाली अजून दोन ओळी कोऱ्या होत्या. रुद्रम्माला ठाऊक होतं आता काय ऐकायला मिळणार. आजवर कड्यावर प्रत्येकानं तेच म्हटलं होतं. एवढंच. एवढं झालं की निघू. तिच्या बापानंही त्या दिवशी तेच म्हटलं असणार.

सोमशेखरनं त्या दोन ओळींकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे एकदा पाहिलं. पुरचुंडी डब्यात टाकली, कागदाचं वरचं टोक धरलं आणि शिळेवरून तो सोलून, गुंडाळून सदऱ्याच्या आत घातला.

"चला," तो म्हणाला.

रुद्रम्मा त्याच्याकडे पाहतच राहिली. पाच दिवसांत त्याचं हसणं आवडलं होतं, बोलणं आवडलं होतं. पण जीव जडला तो त्या एका शब्दावर.

दोघं खाली टेकली आणि आभाळ फुटलं. झऱ्यावरच्या कपारीत दोघं शिरली, तोवर चिंब झाली. त्यानं सदऱ्यात हात घालून चाचपलं. कागद शाबूत होता. मग कपाळावरचं पाणी पुसत तो म्हणाला,

"मघाशी तुमी मला बोलूच दिलं न्हाई. मी तुमाला हैदराबादला चला म्हणलो का?"

"...न्हाई."

"बिदरच्या किल्ल्यावर देखरेखीची एक जागा हाय. कुनी घेत न्हाई. बढती न्हाई, शहर न्हाई, नुसते दगड. मी अर्ज करनार हाय." तो थांबला. "मला आता दगड आवडायला लागलेत."

बाहेर पाऊस असा कोसळत होता, की तिनं काय उत्तर दिलं ते त्याला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलंही नाही. तिच्याकडे पाहिलं, तेवढं पुरे झालं.

*

दसरा गेला. दिवाळी गेली. एक कार्ड आलं, कल्लप्पाच्या नावानं, कन्नडमध्ये, चार ओळींचं: ठसा उत्तम आला, राहिलेल्या ओळींसाठी साहेब थोडे रागावले, अर्ज वर गेला आहे, प्रकृती सांभाळावी. मठात चार अक्षरं शिकलेल्या रुद्रम्मानं ते बापाला वाचून दाखवलं, आणि मग स्वतःला किती वेळा, ते तिचं तिला ठाऊक. गाव म्हणायचं ते म्हणत होतं. सरकारी माणसं अशीच. येतात आणि जातात.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कल्लप्पाच्या दारात बैलगाडी थांबली. आधी सोमशेखर उतरला. मग त्यानं हात देऊन एका ठेंगण्या, ताठ बाईला उतरवलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, इरकली लुगडं, नजर अशी की सुईतून दोरा जावा. त्याची आई, गंगव्वा.

"माझी बिदरला बदली झाली," सोमशेखर कल्लप्पाला म्हणाला. "म्हून आईला घेऊन आलो."

गाडीवाल्याला गंगव्वानं बैल सोडू दिले नव्हते. "बगू आधी," ती म्हणाली होती. ओसरीवर घोंगडीवर बसली. गूळपाणी पुढं आलं, तिनं हात लावला नाही. रुद्रम्मा समोर येऊन बसली. आधीची दोन स्थळं तिला आठवली.

"कड्याला चढतीस म्हनं."

"व्हय."

"लग्नानंतरबी?"

कल्लप्पाचा दोर थांबला. रुद्रम्मानं मान वर केली. "लोक इचारायला येत्यात तवर... व्हय."

गंगव्वानं हुंकार दिला. तो बरा की वाईट, कळलं नाही. "माझा एकुलता एक लेक हाय. मला बाकी कशाचं काय न्हाई. सैपाक काय, शिकवला की येतोय. पर खोटं बोलनारं मानूस मला घरात चालत न्हाई. खरं सांग. खोटं बोलतीस का?"

सोमशेखरनं डोळे मिटून घेतले. 'न्हाई' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या शुक्रवारनंतर रुद्रम्मानं खोटा 'न्हाई' तोंडातून काढला नव्हता.

"एकदा बोलले," ती म्हणाली. "तुमच्या लेकाशीच."

"आँ! काय?"

"दगड वाळला होता, तरी वल्ला हाय म्हनलं."

"आन् ते कामून?"

रुद्रम्माचे कान तापले. "त्यांनी अजून एक दिस ऱ्हावावं... म्हून."

गंगव्वा सावकाश लेकाकडे वळली.

"सोमा. तू मला काय सांगितलंस? शुक्रवारी दगड वल्ला होता म्हून काम राहिलं, असंच नव्हं?"

सोमशेखर जमिनीकडे बघत पुटपुटला, "व्हय, आई."

"तुला ठावं होतं वाळलाय म्हून?"

"...व्हय, आई."

"म्हंजी माझ्याच पोटचं खोटं बोलायलंय, आन् परक्याची पोर खरं सांगायलीय!" गंगव्वा त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिचे ओठ आवळलेलेच होते, पण उजव्या गालावर, सुरकुत्यांच्या मधे, एक खळी पडली. तिनं गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला, वर पाणी प्याली, आणि अंगणाकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली,

"अवो गाडीवाले, बैल सोडा! आज जायचं न्हाई!"